परकीय हात आणि मानवतचा मोंढा

निवडणूक संपली, की आमच्या मानवतात आधी कमानी उतरतात, मग भोंगे गप्प होतात आणि सर्वांत शेवटी माणसं. २०२४ साली हा क्रम उलटा झाला. माणसं आधी गप्प झाली. मोंढ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मी गेली तीस वर्षं सकाळचा चहा घेतो. एकाच बाकावर बसून एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेणारी आमची मंडळी तिथं दोन बाकांवर बसू लागली. भांडण झालं असतं तरी बरं वाटलं असतं. भांडणाला निदान आवाज असतो.

परभणी लोकसभा मतदारसंघात त्या वर्षी २६ एप्रिलला मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला. कागदावर ही लढत मशाल आणि शिट्टी यांची होती. ठाकरे गटाचे संजय जाधव जिंकले, राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर सव्वा लाखाहून अधिक मतांनी हरले. पण चौकात कोणी मशाल म्हणत नव्हतं की शिट्टी. मराठा आणि ओबीसी हे दोनच शब्द कानावर येत. आदल्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस मनोज जरांगे जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणाला बसले होते. निकालानंतर दहा-पंधरा दिवसांतच लक्ष्मण हाके वडीगोद्रीला बसले. दोन्ही गावं एकाच अंबड तालुक्यातली, एकमेकांच्या शेजारची. त्या दोन मंडपांत होतं त्याहून जास्त अंतर आमच्या गल्लीतल्या समोरासमोरच्या दोन ओट्यांमध्ये पडलं.

फूट या भागाला नवी नाही. 'खान की बाण' ही घोषणा ऐकतच आमची पिढी म्हातारी झाली. पण ती भिंत वस्त्यावस्त्यांच्या मधून जायची. ही भिंत एका भजनी मंडळातून गेली, शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतून गेली, बायकांच्या भिशीतून गेली. अमक्याच्या दुकानातून किराणा आणू नका, असे निरोप मोबाइलवर फिरले. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी पन्नासेक बायका येतात. २०२५ च्या जानेवारीत वाणाच्या बावीस वाट्या उरल्या. पत्नीने त्या मोजून कपाटात ठेवल्या आणि मला म्हणाली, "तुमच्या पेपरात छापून आला नाही, तो निकाल हा."

मधल्या काळात विधानसभा झाली होती. जूनमध्ये ४८ पैकी ३० जागा जिंकून महाविकास आघाडीच्या घरी दिवाळी होती. २३ नोव्हेंबरला २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या पदरात पडल्या. म्हणजे पाच-सहा महिन्यांत निराशेची पाळी दोघांनाही येऊन गेली. मी चाळीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे असेल, पण मला यातली गंमत (गंमतच म्हणायची) निराळीच वाटली. हरलेल्यांचं बोलणं दोन्ही वेळा जवळजवळ सारखं होतं. आपल्या शेजाऱ्याने आपल्या विरुद्ध मत दिलं, हे कोणालाच मान्य होत नव्हतं. जूनमध्ये दोष खोट्या कथानकाचा होता, नोव्हेंबरमध्ये यंत्राचा. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने तर ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर आपलं आपण पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. पोलिसांनी ते होऊ दिलं नाही. आणि दोन्ही वेळा, चहाचा दुसरा कप आला, की कोणीतरी आवाज खाली आणून म्हणायचंच, "सर, यामागं बाहेरच्या देशाचा हात आहे."

हा हात जुना आहे. सत्तरच्या दशकात इंदिरा गांधींच्या भाषणांत परकीय हात वारंवार यायचा आणि त्याची चेष्टाही तेवढीच व्हायची. पण असा हात नसतोच, असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. आमच्या विधानसभेच्या निकालानंतर दुसऱ्याच दिवशी रुमानियात अध्यक्षपदासाठी मतदान झालं. टिकटॉकवरून एका उमेदवाराचा प्रचार रशियाच्या पाठबळाने फुगवला गेल्याचा संशय पुढे आला आणि ६ डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती फेरीच रद्द केली. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी पुन्हा निवडणूक घेतली. आपल्याकडे २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून बातमी आली, की भारतात मतदान वाढवण्यासाठी ठेवलेले २ कोटी १० लाख डॉलर तिथल्या काटकसर खात्याने रद्द केले. झालं! दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. पुढे आपल्याच अर्थ मंत्रालयाचा २०२३-२४ चा अहवाल लोकांनी उघडून पाहिला, तर त्यात त्या अमेरिकी संस्थेचे सात प्रकल्प होते आणि त्यांत मतदानाचा विषयच नव्हता. ही दुसरी बातमी आमच्या हॉटेलात पोहोचली नाही.

संशयाचा अनुभव मानवताला तसा भरपूर आहे. बाहेरगावी गावाचं नाव सांगितलं, की लोक अजून १९७२ ते १९७४ या काळातल्या हत्याकांडाचं विचारतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये, नेमकी दोन निवडणुकांच्या मध्ये, त्यावरची मालिका आली आणि ते प्रश्न नव्याने सुरू झाले. जुनी माणसं सांगत, की त्या दिवसांत शेताच्या वाटेवर दिसलेला प्रत्येक परका माणूस मारेकरी वाटायचा. तपास मात्र गावातच येऊन पोहोचला.

परक्याला दोष देण्यात एक विसावा असतो. मग शेजाऱ्याशी बोलायची गरज उरत नाही आणि आपल्यालाही काही करायचं उरत नाही. निराशेतही तसाच विसावा असतो. उशिरा उठावं, फोन चाळावा, सुस्कारा टाकावा. डिसेंबरात परभणीत जे घडलं, त्यानंतर हा सुस्कारा मला असह्य झाला. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली आणि १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायदा शिकणारा तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. इथून पाऊण तासाच्या वाटेवर. त्याच्या मरणात कोणता बाहेरचा देश शोधणार?

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडेही ५ नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक घराघरांत भांडणं लावून गेली होती. तो फोनवर म्हणाला, "मामा, इथं लोक अंगणात पाट्या लावतात, कोणाला मत देणार त्याच्या. निवडणूक झाली, पाट्या निघाल्या, पण कोणाच्या अंगणात कोणती होती, ते कोणी विसरत नाही." मी म्हणालो, "आमच्याकडे पाटी लागत नाही बाबा, आडनाव पुरतं." दोघंही हसलो. त्यांच्या निवडणुकीची किंमत आमच्या मोंढ्यात मोजावी लागेल, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

ती मोजावी लागली २०२५ च्या ऑगस्टमध्ये. नव्या अमेरिकी अध्यक्षांनी भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आयातशुल्क लावलं आणि रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. तिरुपूरचे कपडे अमेरिकेत महागले. तिथल्या गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा, म्हणून आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं; आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे दसऱ्यापासून आमच्या कापसाची आवक सुरू होते, नेमक्या त्या काळात ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या गाठींना दार सताड उघडं. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने बोंडं काळी पडलेली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि व्यापाऱ्याचा भाव त्याच्या खाली. याच मोंढ्याने तीन-चार वर्षांपूर्वी दहा हजारांच्या वरचा भाव पाहिला होता.

हा खरा परकीय हात, आणि तो मुळीच गुप्त नाही. त्याच्या अधिसूचना निघतात, तारखा छापून येतात. तो आमच्या बोंडावर आहे, त्यालाही दीडशे वर्षं उलटून गेली. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या हातात कधी नव्हे ते पैसे खेळले. १८६५ ला युद्ध थांबलं आणि प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही कोसळले. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. भावाच्या लाटेला काही सरहद्द नव्हती. २००२ नंतर सरकीतच मोन्सॅन्टोचं जनुक आलं, तेही आमच्या शेजारच्या जालन्याच्या महिकोमार्फत. आज इथला व्यापारी सकाळी उठून न्यूयॉर्कचा वायदा बघतो आणि मग बोली लावतो. बोली लावताना तो गाडीवानाचं आडनाव विचारत नाही.

हे मी हॉटेलात सांगू लागलो. भाषण म्हणून सांगितलं असतं, तर दोन्ही बाकांवरची मंडळी उठून गेली असती. म्हणून अधिसूचनेची छापील प्रत खिशात ठेवू लागलो. कोणी परकीय हाताचं काढलं, की ती पुढे करायची. कापसाच्या भावाबद्दल ऐकायला दोन्ही बाक सारखेच वळतात. निराशेवर औषध म्हणून मला एवढंच सुचलं आहे आणि ते सगळ्यांना लागू पडेल असा दावा नाही. ज्यांचं तरुण पोर कोठडीत गेलं, त्यांना कापसाच्या भावाचं काय सांगणार?

दोन शेतकऱ्यांबद्दल मात्र सांगायला हवं. दोघंही माझे जुने विद्यार्थी, नावं नकोत. एकाचं आडनाव या बाकावरचं, दुसऱ्याचं त्या बाकावरचं. बांधाला बांध, मध्ये सामाईक विहीर. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचं बोलणं तुटलं. एकमेकांच्या शेतातल्या सीतादहीला जाणाऱ्या त्यांच्या घरच्या बायकाही थांबल्या. मोटारीच्या पाळ्या चुकू नयेत म्हणून विहिरीवरच्या पेटीत चिठ्ठी ठेवू लागले: 'सोमवार तुझा, मंगळवार माझा.' दीड वर्ष असंच चाललं. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला माल द्यायचा, तर मोबाइलवर 'कपास किसान'मध्ये नोंदणी सक्तीची झाली. सातबारा, पीकपाहणी, आधार, सगळं चढवायचं. पहिला माझ्याकडे आला. "सर, हे काय माझ्यानं व्हईना गेलंय." मी म्हणालो, मलाही येत नाही, बांधाशेजारच्या पोराला येतं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्याच्या दारात म्या कसं जावं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवसांनी तो गेला, हे मला त्या पोराकडूनच कळलं.

डिसेंबरात जिनिंगच्या फाटकासमोर दोघांच्या गाड्या मागेपुढे उभ्या होत्या. आर्द्रता ८ टक्क्यांच्या वर गेली, की टक्क्यागणिक भाव कापतात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. एकाचा ११ निघाला, दुसऱ्याचा पावणेबारा. दोघांनी मिळून मीटरला शिव्या घातल्या, मग पावसाला, मग अमेरिकेच्या अध्यक्षाला. निवडणुकीचं नाव कोणी काढलं नाही.

विहिरीवरची चिठ्ठी अजून चालू आहे. परवा त्या बाजूला गेलो, तेव्हा पेटी उघडून पाहिली. खाली दुसऱ्या अक्षरात आणखी एक ओळ होती: 'फ्यूज उडाला होता, नवा बसवलाय. पैसे सवडीनं दे.'