एका गाण्याचं पाणी

बाथरूमच्या खुंटीला पारदर्शक पिशवीत फोन, कोनाड्यात मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर, डोक्यावर शॉवर. लावलं चार मिनिटांचं गाणं! चला, आता मोजायला बसू.

फोनकडून स्पीकरकडे जाणारी लहर सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा हेलकावते. हो, एका सेकंदात! गाणं संपेपर्यंत हेलकावे झाले ५७,६०० कोटी. दर हेलकाव्याला एक रुपया ठेवला, तर ५७,६०० कोटी रुपये. सेकंदाला एक या हिशेबाने ते मोजायला बसलात, तर १८,००० वर्षं उठायचं नाही! आणि वेग? सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा. गाण्याच्या चार मिनिटांत या वेगाने जाऊन-येऊन २ लाख ४० हजार खेपा होतात. इकडे डोक्याचा साबणही अजून उतरलेला नसतो.

(फोनला आयपी ६७ हा पाणीरोधक दर्जा असला तरी पिशवी हवीच. एक मीटर पाण्यात अर्धा तास, ही चाचणी साध्या पाण्यातली असते. गरम वाफ आणि साबण तिच्यात नसतात.)

पण मला खरं थक्क केलं ते पाण्याने. शॉवर मिनिटाला दहा लिटर सोडतो असं धरू. एक गाणं म्हणजे चाळीस लिटर, वीस लिटरच्या दोन भरलेल्या बादल्या. पहिलं गाणं संपतं, दुसरं आपोआप सुरू होतं, आणि पाय काही निघत नाही. रोज हे एकच गाणं जास्तीचं झालं, तर वर्षाला १४,६०० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ दीड टँकर, एकट्या माणसाचे!

आता अशी दहा लाख माणसं घ्या. एका सकाळी चार कोटी लिटर! वीस फूट रुंद, तीस फूट पाण्याने भरलेली विहीर डोळ्यांपुढे आणा. अशा जवळजवळ दीडशे विहिरी, एका गाण्यात कोरड्या!

२०१६च्या उन्हाळ्यात तहानलेल्या लातूरला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर पाणी नेणारी जलदूत रेल्वेगाडी आठवते? पन्नास वाघिणींच्या एका गाडीत साधारण २५ लाख लिटर. आपलं ते एक गाणं म्हणजे अशा सोळा गाड्या. आठशे वाघिणी! एका सकाळी!

उद्या गाणं जरूर लावा. फक्त शॉवरखाली एक बादली ठेवा आणि गाणं संपेपर्यंत ती किती वेळा भरते, ते मोजा.