जीमेलचं लेबल उडवलं, मेल गेले का?

ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात जायच्या आदल्या रात्री जीमेल आवरताना मी ‘सातबारा’ हे फोल्डर जुनं समजून उडवलं. मग आठवलं, कागद त्यातच होते! पोटात गोळाच आला.

पण मेल शाबूत होते. जीमेलमध्ये फोल्डर नसतातच, असतात ती लेबलं. मेलला चिकटवलेल्या चिठ्ठ्या समजा. चिठ्ठी काढली तरी मेल ‘ऑल मेल’मध्ये राहतो, सर्चमध्ये शब्द टाका, सापडेल. (म्हणूनच लेबलं काढून १५ जीबीतली जागा काही रिकामी होत नाही.)

आउटलुकचं तसं नाही हं. तिथं फोल्डरबरोबर आतले मेलही ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातात, तिथून लगेच परत आणा. जीमेलमध्ये खुद्द मेलच डिलीट केला असेल, तर ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळतात.