नीती आणि कायदा, लेखांक ९ : दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा दोष

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला किती दोष द्यायचा, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरते : कोणी मेले का? मेले असेल तर तो माणूस खुनी ठरतो. कोणाला खरचटलेही नसेल तर त्याच रात्रीचा किस्सा पुढच्या बैठकीत हसत हसत सांगितला जातो आणि ऐकणारेही हसतात. दोघांनी घेतलेली दारू सारखीच, गाडी काढण्याचा निर्णयही सारखाच; फरक एवढाच की एकाच्या वाटेत कोणी आले आणि दुसऱ्याच्या वाटेत आले नाही.

या कोड्याला तत्त्वज्ञानात ‘नैतिक दैव’ म्हणतात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली त्यावर निबंध लिहिले आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. कांटने १७८५ मध्येच मांडले होते की माणसाची पारख त्याच्या इच्छेवरून करावी, कारण परिणाम त्याच्या हातात नसतो. तत्त्व म्हणून हे सहज पटते. पण सात मृतदेह समोर असताना त्याच तत्त्वावर ठाम राहणे फार थोड्यांना जमते.

सात हा आकडा इथे मनाने घेतलेला नाही. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर चढली. तिथे बांधकामावरचे मजूर झोपलेले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडले. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू मानला आणि सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो सदोष मनुष्यवध ठरवून शिक्षा तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. तीन वर्षे अपुरी आहेत असे न्यायालयाने नोंदवले, पण शिक्षा वाढवून मागणारे अपील राज्य सरकारने केलेलेच नव्हते. सात जिवांच्या खटल्यात सरकारने अपीलही करू नये, याची चीड आजही यायला हवी.

सहा महिने आणि तीन वर्षे यांच्यामध्ये जो प्रश्न आहे, तोच या लेखांकाचा गाभा आहे. मारण्याचा हेतू चालकाला नव्हता, हे सगळ्यांनाच मान्य होते. प्रश्न जाणिवेचा होता : अशा अवस्थेत गाडी चालवली तर माणसे मरू शकतात, हे त्याला माहीत होते का? इथे बचावाची एक वाट निघते. दारू सर्वांत आधी विवेकावर घाला घालते. ‘मला चढत नाही’ असे म्हणणारा बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते. मग ज्याची शुद्धच हरपली आहे, त्याला दोषी कसे धरायचे?

या वाटेला उत्तर फार जुने आहे. मितिलीनचा शासक पिट्टाकस याने नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा ठेवली होती. ॲरिस्टॉटलने अशा शिक्षेचे कारण सांगितले : न पिणे त्या माणसाच्या हातात होते. भारतीय दंड संहितेने १८६० मध्ये हीच भूमिका घेतली. कोणी फसवून किंवा जबरदस्तीने दारू पाजली असेल तरच नशेचा बचाव चालतो. स्वतःहून प्यायलेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकी जाणीव होती, असेच धरले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे कायम आहे. म्हणजे दोषाचा क्षण स्टिअरिंगवर बसल्यानंतरचा धरायचा नाही. तो संध्याकाळी, पहिला पेग भरण्याआधीच येऊन गेलेला असतो. परत कसे जायचे हे तेव्हा ठरवता येत होते, रिक्षा मिळत होती, गाडी घरी ठेवता येत होती.

दारूच्या व्यसनाचा मुद्दा याच जागी तपासावा लागतो. व्यसन हा आजार आहे आणि ‘प्यायचे नाही’ एवढे म्हणून तो बरा होत नाही. त्यामुळे पिण्याबद्दलचा दोष कमी होतो, काही वेळा पुसलाही जातो. पण रोज रात्री आपण शुद्धीत नसतो हे व्यसनी माणसाला इतर कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक असते. किल्ली घरच्यांच्या हवाली करणे त्याला दुपारी शक्य असते.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ परिणामाकडे पाहतच नाही. मर्यादा ओलांडून गाडी चालवली की गुन्हा झाला, मग धडक होवो वा न होवो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांचा दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नीतीच्या दृष्टीने हे कलम मनुष्यवधाच्या कलमाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण सुखरूप घरी पोचलेल्यालाही ते दोषी म्हणते. नाकाबंदीत फुंकायला लावले की ‘काही झाले तर नाही ना?’ म्हणून चिडणाऱ्यांना नेमके हेच मान्य नसते. शिवाय शरीर दर १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने अल्कोहोल उतरवते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. ११२ वरून ३० वर यायला पाच तासांहून जास्त लागतात. रात्री भरपूर पिऊन पहाटे गाडी काढणाराही म्हणूनच या कलमाखाली सापडू शकतो.

मग परिणामाला काहीच किंमत नाही का? आहे, पण वेगळ्या खात्यात. विल्यम्सने अशा ट्रकचालकाचे उदाहरण घेतले, ज्याच्या हातून काहीही चूक नसताना मूल दगावते. त्याला वाटणारी खंत बघ्याच्या हळहळीसारखी नसते. निर्दोष माणसावरही त्या मृत्यूचा भार येतो, तर पिऊन चालवणाऱ्यावर तो कितीतरी पट अधिक येतो. दोष दोघा मद्यपी चालकांचा सारखा. देणे मात्र ज्याच्या हातून जीव गेला त्याचेच. दिल्लीत १९९९ साली सहा जणांचा जीव घेणाऱ्या चालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये भोगलेली दोन वर्षांची कैद पुरेशी मानली, पण ५० लाख रुपये भरायला आणि दोन वर्षे समाजसेवा करायला सांगितले. ते पैसे, धडक देऊन पळालेली वाहने सापडत नाहीत अशा अपघातांतील पीडितांच्या भरपाईसाठी होते. कैद कमी पडली असे म्हणता येईल. देण्याची कल्पना मात्र योग्य होती.

‘आपण कोण दुसऱ्याला बोलणारे’ हा आक्षेपही ऐकू येतो. गाडी चालवताना मोबाइल पाहणाऱ्यांची संख्या बघता तो पोकळ नाही. पण त्यातून एवढेच निघते की दोषाची व्याप्ती मोठी आहे आणि बोलणाराही तिच्यात मोडू शकतो. कृत्याला दोष देण्यासाठी त्या माणसाला कायमचा नीच ठरवावे लागत नाही.

व्याप्ती चालकापाशीही संपत नाही. पार्टीत आग्रहाने ग्लास भरून देणारा यजमान, ‘तू चालवशील रे’ म्हणत मागे बसणारा मित्र, झिंगलेल्या मालकाच्या हातात किल्ली ठेवणारा, यांना समाज सहसा काही बोलत नाही. कायदा बोलतो : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ नुसार अशा गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणारा मूळ गुन्ह्याच्याच शिक्षेस पात्र असतो.