यंत्रांच्या संभाषणावर पहारा

जालन्याचे नाव निघाले की बियाणे आणि सळई या दोन गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे बिलेट होते आणि रोलिंग मिलमधून लालबुंद सळई धावत बाहेर पडते. आधुनिक कारखान्यात माणूस पडद्यासमोर बसून लक्ष ठेवतो. यंत्रांना प्रत्यक्ष हुकूम मात्र एक लहानशी पेटी देते. तिला पीएलसी म्हणतात. तापमान किती, वेग किती, हे ती सेकंदातून अनेकदा पाहते आणि त्याप्रमाणे मोटार किंवा व्हॉल्व्ह चालू-बंद करते. पाणीपुरवठा व वीजकेंद्रांतही हीच पद्धत आढळते.

या पेट्यांच्या अनेक बोलींपैकी मॉडबस ही फार प्रचलित. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने ती १९७९ साली काढली. तिच्या मूळ रूपात 'तू कोण?' असे विचारण्याची सोयच नाही. हुकूम आला की पाळला जातो. तेव्हा तारा कारखान्याच्या भिंतींच्या आतच राहत, म्हणून ते खपून गेले. पुढे त्याच तारा कचेरीतील संगणकाला आणि तेथून इंटरनेटला जोडल्या गेल्या. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीजकर्मचाऱ्यांनी पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना आणि स्विच उघडताना पाहिला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. मुंबईची वीज १२ ऑक्टोबर २०२० रोजी गेली, तेव्हा राज्य सरकारने पुढे सायबर घातपाताची शंका बोलून दाखविली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती नाकारली. शंका खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. पण असे काही ओळखण्याचा सराव करायचा कोठे? चालू भट्टीवर तर नक्कीच नाही. जुन्या पीएलसीला अनोळखी प्रश्न विचारला तरी ती कधीकधी अडून बसते.

म्हणून नक्कल उभारावी. पैठणहून जायकवाडीचे पाणी पंपांनी जालन्यात येते, तेव्हा आपल्याला पाण्याचाच खेळ सोयीचा. दोन बादल्या, १२ व्होल्टचा छोटा पंप (कूलरचा नको, पाण्याजवळ २३० व्होल्ट कशाला?), पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर आणि 'ओपनपीएलसी' हा मोफत प्रोग्राम घातलेला रास्पबेरी पाय. दुसऱ्या संगणकावर चालकाचा पडदा. दोन्ही एका स्विचला जोडावेत. मात्र त्या स्विचमधून महाविद्यालयाच्या जाळ्याकडे एकही तार जाऊ नये. स्विचला 'पोर्ट मिररिंग'ची सोय हवी, म्हणजे सगळ्या संभाषणाची प्रत तिसऱ्या संगणकाला मिळते. तो फक्त ऐकतो. 'वायरशार्क' हा मोफत प्रोग्राम ते संभाषण उलगडून दाखवितो.

येथे कला शाखेच्या विद्यार्थ्याने मुळीच बिचकू नये, कारण पुढचे काम व्याकरणाचे आहे. मॉडबसमध्ये क्रमांक ३ चे वाक्य प्रश्नार्थक असते: पातळी किती? क्रमांक ५ आणि ६ ची वाक्ये आज्ञार्थी: पंप चालू कर, हा आकडा लिही. प्रथम एक-दोन दिवस नुसते ऐकून कोण कोणाशी, किती वेळाने, कोणत्या प्रकारचे वाक्य बोलतो ते वहीत मांडावे. यंत्रे माणसांपेक्षा फारच कंटाळवाणी बोलतात. पडदा दर सेकंदाला तोच प्रश्न विचारतो. आज्ञा क्वचित, चालकाने बटण दाबल्यावरच. मग एखाद्या मित्राने चौथ्या संगणकावरून गुपचूप क्रमांक ५ ची आज्ञा पाठवावी. भरलेल्या बादलीचा पंप सुरू होतो. वही समोर असेल तर हा परका आवाज लगेच कळतो.

तरीही एक फट उरते. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने इराणमधील नतांझच्या यंत्रांची गती बिघडविली आणि पडद्याकडे मात्र आधी टिपून ठेवलेले ठीकठाक आकडे पाठविले. संभाषणच खोटे असेल तर ऐकणारा काय करणार? यासाठी आपल्या बादलीत एक फ्लोट सोडावा, त्याला दोरी बांधून बाहेर काटा लावावा, जुन्या टाक्यांवर असे तसा. त्याचा कोणत्याही तारेशी संबंध ठेवू नये. दर तासाला काटा आणि पडदा यांचे आकडे वहीत शेजारीशेजारी लिहावेत.