दुकानातला ब्राउझर: गिऱ्हाइकासाठी गेस्ट विंडो का उघडायची?

मागच्या व्हिडिओत गेस्ट विंडो कशी उघडायची ते दाखवलं, पण का उघडायची ते घाईत राहूनच गेलं. म्हणून हे लिहितोय.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बघा. कॉम्प्युटर एकच, आणि दिवसभर त्यावर सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, जीएसटी सगळं चालतं. ब्राउझर मात्र आपण घरच्यासारखा वापरतो.

माझीच चूक सांगतो. कॉलेजच्या एका पोराचा अर्ज भरत होतो, बाहेर रांग. ईमेलच्या रकान्यात क्लिक केलं तर ब्राउझरनं आधीच्या गिऱ्हाइकाचा ईमेल सुचवला आणि घाईत तोच गेला. पुढं अर्जात त्रुटी निघाली, तो मेल भलत्याच माणसाकडे. पोरगं सहज चौकशीला आलं म्हणून मुदतीच्या आदल्या दिवशी दुरुस्ती झाली. नसतं आलं तर त्याचं वर्षाचं नुकसान माझ्यामुळं झालं असतं.

ब्राउझर वाईट नाही बरं. लॉगिन, पासवर्ड, फॉर्ममधली माहिती तो लक्षात ठेवतो ते मालकाच्या सोयीसाठी. पण त्याच्या लेखी दुकानात बसणारा प्रत्येकजण मालकच!

आता बरेच जण म्हणतात, "सर, आम्ही इनकॉग्निटो वापरतो." तिथंच गफलत आहे. इनकॉग्निटो नवीन काही साठवत नाही, पण आधी साठवलेले पासवर्ड आणि पत्ते तुम्हाला सुचवू शकतो. गेस्ट विंडोला तुमचं जुनं काहीच दिसत नाही. क्रोममध्ये वर उजवीकडं प्रोफाइलचं गोल चित्र असतं, त्यावर क्लिक केलं की गेस्टचा पर्याय मिळतो. एजमध्येही आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. एक, गेस्टच्या दोन विंडो एकदम उघड्या असतील तर लॉगिन दोन्हीकडं एकच राहतं. म्हणून एका गिऱ्हाइकाचं काम संपलं की लॉगआउट करा, गेस्टच्या सगळ्या विंडो बंद करा, मगच पुढचं गिऱ्हाईक. दुसरं, डाउनलोड केलेली फाइल गेस्ट पुसत नाही. लोकांचे आधार, पासबुक डाउनलोड फोल्डरमध्ये तसेच पडून राहतात. मी शटर ओढायच्या आधी ते फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामं करतो.

स्वतःच्या धंद्यासाठी वेगळं प्रोफाइल ठेवा आणि त्यात रोजच्या साइट कंट्रोल + डी दाबून बुकमार्क करा. हे नुसतं वेळ वाचवायला नाही. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट आहे, तरी गुगलवर शोधलं की तशाच दिसणाऱ्या, फी मागणाऱ्या खासगी साइटही समोर येतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' बघून एकदा बुकमार्क केलं की रोज शोधायची भानगडच नाही. गेस्टमध्ये बुकमार्क दिसत नाहीत, तेवढा एक त्रास आहे. मी पत्ते कागदावर मोठ्या अक्षरात छापून मॉनिटरला चिकटवलेत.

जाता जाता: चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल + शिफ्ट + टी, पण गेस्टमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका. आणि पावतीचं बटण दाबूनही काही उघडत नसेल तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला पॉप-अप अडवल्याची खूण दिसते का बघा. तिथून त्या साइटला परवानगी दिली की पावती उघडते. मग कंट्रोल + पी, प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडायचं आणि फाइल तिथल्या तिथं गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवून द्यायची.