बुगुनांचे पाखरू

अरुणाचल प्रदेशात दिवस लवकर उजाडतो. मे महिन्यात पहाटे साडेचारलाच लामा कॅम्पच्या तंबूंतून पक्षिप्रेमी दुर्बिणी घेऊन बाहेर पडतात. सुमारे २,३५० मीटर उंचीवरचा थंडगार डोंगर, धुके आणि बांबूची दाट झुडपे. साऱ्यांचे कान एकाच शिळेकडे लागलेले असतात. ती शीळ असते बुगुन लिओसिकलाची!

साळुंकीपेक्षा किंचित लहान असा हा पक्षी. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांजवळ पिवळी नक्षी आणि पंखांवर पिवळ्या, लाल, पांढऱ्या रंगांची उधळण. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ डॉ. रमणा अत्रेया यांना तो १९९५ मध्ये प्रथम दिसला. नंतर थेट २००५ मध्ये! पुढच्याच वर्षी ही नवी जात जगासमोर आली.

नवी जात सिद्ध करायची, तर तिचा नमुना मारून संग्रहालयात ठेवण्याची जुनी प्रथा. परंतु त्या वेळी असे जेमतेम १४ पक्षी आढळले होते. म्हणून जाळ्यात आलेल्या पक्ष्याची मोजमापे व छायाचित्रे घेण्यात आली, गळालेली पिसे जपून ठेवण्यात आली आणि त्याला सोडून देण्यात आले. नाव दिले ते या जंगलाचे मालक असलेल्या बुगुन जमातीचे.

गावाने या नावाची लाज राखली. पक्ष्याचे मुख्य वसतिस्थान शेजारच्या २१८ चौरस किलोमीटरच्या ईगलनेस्ट अभयारण्यात नव्हे, तर गावाच्या सामूहिक जंगलात आहे. लाकूडतोडीतून पैसा मिळाला असता. पण सिंगचुंगच्या बुगुनांनी १७ चौरस किलोमीटर जंगल राखून ठेवले. २०१७ मध्ये ते ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर झाले. गावातील तरुण तेथे गस्त घालतात. पर्यटकांमुळे गावात रोजगारही येतो.

नशीब असेल, तर धनेश, ट्रॅगोपान आणि डोंगर चढून येणारे हत्तीही दिसतात. मार्च ते मे हा काळ उत्तम. गुवाहाटीहून तेजपूर, भालुकपोंग, टेंगामार्गे जाता येते. राज्यात शिरण्यासाठी ‘इनर लाइन परमिट’ मात्र आधीच काढावे.

आणि एक पथ्य पाळावे. पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवू नये. इतक्या मोजक्या जोड्यांपैकी एकीनेही घरटे सोडले, तर ते नुकसान भरून येणारे नाही.