जलप्रवाहमापन, तत्काळ

समुद्र, खाडी किंवा बंदर यांतील पाण्याच्या प्रवाहाचा वेग व दिशा मोजून ती माहिती, प्रवाह तसा वाहत असतानाच, संगणकीय आज्ञावलीच्या (सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने वापरणाऱ्यास पुरविण्याच्या पद्धतीस तत्काळ जलप्रवाहमापन म्हणतात. नौकानयन, बंदरांची देखभाल, तेलगळतीचे नियंत्रण व समुद्रातील शोधकार्य यांसाठी या पद्धतीचा उपयोग होतो.

भरती-ओहोटीचे प्रवाह चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे निर्माण होत असल्याने त्यांचे भाकित आगाऊ करता येते व त्यांची कोष्टके प्रसिद्ध होतात. तथापि वारा, हवेचा दाब आणि नदीचा पूर यांचे परिणाम कोष्टकात येऊ शकत नाहीत. जहाजाला आडव्या येणाऱ्या प्रवाहाचा वेग अपेक्षेपेक्षा सेकंदाला ०·५ मी. ने जास्त असेल, तर ५ मिनिटांत जहाज १५० मी. बाजूला सरकते. अरुंद जलमार्गात एवढे अंतर अपघातास पुरेसे होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश शास्त्रज्ञ व्ही. डब्ल्यू. एकमान यांनी तयार केलेल्या प्रवाहमापकात पाण्याने फिरणाऱ्या पंख्याच्या फेऱ्यांवरून वेग आणि होकायंत्राच्या कप्प्यांत पडणाऱ्या धातूच्या गोळ्यांवरून दिशा समजत असे. मात्र उपकरण वर काढल्यावाचून नोंद वाचता येत नसे. पुढे चुंबकीय फितीवर नोंदी करणारी उपकरणे आली, तरी त्यांची माहितीही बहुधा उपकरण परत मिळाल्यावरच हाती येई.

सध्या प्रामुख्याने डॉप्लर परिणामावर आधारित ध्वनिकीय प्रवाहमापक वापरतात. हे उपकरण तळावर, बोयाखाली किंवा धक्क्याच्या बाजूस बसवितात. त्यातून निघालेले श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद पाण्यातील सूक्ष्म कणांवरून व प्लवकांवरून परावर्तित होतात. कण पाण्याबरोबर वाहत असल्याने प्रतिध्वनीची कंप्रता किंचित बदलते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,५०० मी. असतो. मूळ कंप्रता ३,००,००० हर्ट्झ असल्यास, ध्वनिशलाकेच्या दिशेतील सेकंदाला १ मी. वेगामुळे सु. ४०० हर्ट्झ इतका फरक पडतो. १५ मी. अंतरावरील प्रतिध्वनी ०·०२ सेकंदात परत येतो. त्यामुळे परतीच्या काळावरून निरनिराळ्या खोलींवरील प्रवाह वेगवेगळे काढता येतात.

उपकरण प्रत्यक्षात प्रतिध्वनीच ऐकते. त्यावरून प्रवाहाचा वेग ठरविण्याचे काम आज्ञावलीचे असते. त्यातील काही भाग उपकरणात, तर काही किनाऱ्यावरील संगणकात चालतो. तिरप्या शलाकांवरील वेगांचे उभ्या व आडव्या घटकांत पृथक्करण करणे, उपकरणाचा कल व होकायंत्राची नोंद लक्षात घेऊन उत्तर व पूर्व दिशांचे घटक काढणे आणि चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक दुरुस्त करणे, ही कामे ती करते. एकाच स्पंदावरून मिळालेला वेग बराच अनिश्चित असतो. परस्परांवर अवलंबून नसलेल्या १०० स्पंदांची सरासरी घेतल्यास यादृच्छिक त्रुटी सु. एकदशांश होते, पण सरासरीचा काळ फार वाढविल्यास प्रवाहातील जलद बदल पुसले जातात. या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

त्यानंतर नोंदींची पारख होते. त्रिमितीय वेग काढण्यास तीन शलाका पुरतात. चौथी असल्यास उत्तराचा पडताळा घेता येतो. एखाद्या शलाकेत मासा आल्यास उत्तरे जुळत नाहीत व ती नोंद गाळता येते. तळावरून वर पाहणाऱ्या उपकरणाच्या शलाका उभ्या रेषेशी २०° चा कोन करीत असतील, तर पृष्ठभागालगतच्या सु. ६ टक्के थरातील नोंदी पृष्ठभागावरून येणाऱ्या तीव्र प्रतिध्वनीमुळे अविश्वसनीय ठरतात. केबल, रेडिओ, मोबाइल जाल किंवा उपग्रह यांमार्फत आलेल्या प्रत्येक नोंदीवर मापनाची वेळ असणे अत्यावश्यक असते. संदेशवहन खंडित झाल्यावर अखेरची नोंद ताजी म्हणून दिसत राहिली, तर तिच्यावर विसंबणारा नाविक फसतो. अशा वेळी ‘नोंद उपलब्ध नाही’ असे दाखविणेच सुरक्षित असते.

या पद्धतीचे महत्त्व अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या टँपा उपसागरातील उदाहरणावरून दिसून येते. तेथे ९ मे १९८० रोजी अचानक आलेल्या वादळी पावसात ‘समिट व्हेंचर’ हे मालवाहू जहाज सनशाइन स्कायवे पुलावर आदळले आणि पुलाचा भाग कोसळून ३५ माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेनंतर प्रवाह, पाण्याची पातळी व वारा यांची माहिती एकत्र देणारी यंत्रणा तेथे उभारण्यात आली. ती १९९१ मध्ये कार्यान्वित झाली व पुढे अशा यंत्रणा त्या देशातील इतर अनेक बंदरांत बसविण्यात आल्या. त्यांच्या नोंदी दर ६ मिनिटांनी मिळतात आणि नोंदींच्या दर्जावर अहोरात्र देखरेख ठेवली जाते. मापनाचा वेग आणि मापनाची विश्वासार्हता या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच अशी माहिती जहाज चालविणाऱ्याच्या उपयोगी पडते.